जीवाश्म घडण्यास लागणारा वेळ आणि जीवाश्माचे वय : मोहगाव कलानच्या गारेवरून

काळाकातळ (धागाकर्ता)

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना वाटेत सौंसर लागते. मध्य प्रदेशात असला तरी हा भाग बोलीने मराठीच आहे. सौंसरजवळच्या मोहगाव कलान या गावाचे नाव जगभरच्या वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासकांना माहीत आहे, कारण तिथल्या शेतांत सापडणाऱ्या गारेच्या (चर्टच्या) तुकड्यांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष पेशीन् पेशी दिसावी इतक्या स्पष्टपणे टिकून राहिले आहेत. लखनौचे बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये सौंसर परिसरातील या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात अझोलाचाही समावेश होता. आपल्याकडचे दुग्धव्यावसायिक शेतकरी ताडपत्रीच्या खड्ड्यात पाणी भरून जनावरांच्या खाद्यासाठी जे तरंगते शेवाळासारखे नेचे वाढवतात, त्याच कुळातील ही वनस्पती.

या गारेचा तुकडा हिऱ्याच्या करवतीने कापतात, काचेवर चिकटवतात आणि जाडी ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासत नेतात. मग दगडातून प्रकाश आरपार जाऊ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाणवनस्पतींच्या मुळांतील हवेच्या पोकळ्या, त्या पोकळ्यांमधील एकेका पेशीच्या जाडीचे पडदे, फुलांतील परागकोष आणि त्यांतील परागकण दिसतात. ‘साहनीअँथस’ नावाचे फूल आणि ‘एनिग्मोकार्पॉन’ नावाचे फळ ही एकाच वनस्पतीची असावीत असे मानले जाते, आणि हा अंदाज बांधता आला तो दोन्हींची अंतर्रचना ताडून पाहता आली म्हणूनच. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांनीही दख्खनच्या या जीवाश्मांवर काम केले आहे.

आता या धाग्याचा मुद्दा. शालेय पुस्तकांतून आपल्या मनात एक वाक्य पक्के बसलेले असते, की प्राणी किंवा वनस्पती गाडली जाते आणि ‘लाखो वर्षांत हळूहळू’ तिचा दगड होतो. हे वाक्य मोहगावच्या फुलाला लावून पाहावे. पाण्यात पडलेले फूल उष्ण हवामानात चार-आठ दिवसांत लिबलिबीत होते आणि महिन्याभरात त्याचा मागमूस राहत नाही. ते लाखो वर्षे दगड होण्याची वाट पाहत थांबले असते तर दगडात उतरायला काही उरलेच नसते. परागकोष जर आकारासह टिकला असेल, तर त्याच्या पेशींमध्ये खनिज शिरण्यास सुरुवात कुजण्याआधीच झाली असली पाहिजे, म्हणजे काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत.

म्हणून ‘जीवाश्म तयार होण्यास किती काळ लागतो’ या एका प्रश्नात खरे तर तीन निरनिराळे काळ एकत्र गुंतलेले आहेत, असे माझे मत आहे. पहिला काळ कुजणे आणि टिकणे यांच्या चढाओढीचा. तो अवयवावर अवलंबून असतो : मऊ ऊतींसाठी दिवस आणि आठवडे, लाकडासाठी वर्षे आणि दशके, हाडांसाठी आणखी थोडा जास्त. केनियातील अंबोसेली येथे उघड्यावर पडलेल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास अ‍ॅना बेहरेन्समायर यांनी केला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ऊन-पावसात पडलेले मोठे हाडही साधारण दहा-पंधरा वर्षांत भेगाळून, पापुद्रे सुटून मोडकळीस येते. तेवढ्या मुदतीत ते गाळाखाली गेले नाही, तर पुढच्या कोट्यवधी वर्षांचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा काळ खनिज आत साठण्याचा आणि त्याचे रूप पालटण्याचा असतो. तो काही वर्षांपासून लाखो वर्षांपर्यंत कितीही असू शकतो. तिसरा काळ नुसते जमिनीत पडून राहण्याचा. ‘साडेसहा कोटी वर्षे’ हा जो आकडा आपण ऐकतो त्याचा बहुतेक सगळा भाग या तिसऱ्या काळाचा आहे.

दख्खनची परिस्थिती या पहिल्या टप्प्याला विशेष अनुकूल होती. लाव्हाचा एक थर पसरल्यावर पुढचा थर येईपर्यंत कधी कधी दीर्घ विश्रांती मिळे. त्या अवधीत खोलगट जागी तळी साचत, काठाने झाडे वाढत, पाण्यात गोगलगायी आणि मासे येत, आणि मग नवा लाव्हा येऊन सारे झाकून टाकत असे. अशा दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या थरांना अंतरलाव्हा थर म्हणता येईल. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५० च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळी येथील असे जीवाश्म गोळा केले, आणि तेव्हापासून हे थर अभ्यासकांच्या नजरेत आले.

गार ज्या खनिजाची बनलेली असते ती सिलिका पेशींत नेमकी कशी शिरते, हे रसायनशास्त्राच्या जाणकारांनी सांगावे अशी विनंती.

रसायनी

धागा आवडला. विनंतीला मान देऊन लिहितो.

बेसाल्ट आणि विशेषतः ज्वालामुखीची राख पाण्यात झिजते तेव्हा तिच्यातील सिलिका विरघळून भूजलात उतरते. ही सिलिका पाण्यात सिलिसिक आम्लाच्या सुट्या रेणूंच्या रूपात असते. लाकडातील सेल्युलोज आणि लिग्निन यांच्या पृष्ठभागावर असलेल्या हायड्रॉक्सिल गटांशी या रेणूंचे बंध जुळतात, आणि पेशीभित्तिका आतून सिलिकेच्या अतिसूक्ष्म लेपाने मढत जाते. पुढे त्या लेपावर आणखी सिलिका बसते, पेशींच्या पोकळ्या भरतात, आणि मूळ सेंद्रिय पदार्थ मागाहून सावकाश नाहीसा होत जातो. मोरावळ्यात पाक मुरला तरी फोडीची ठेवण जशीच्या तशी राहते, त्या धर्तीवर याची कल्पना करता येईल. मात्र इथे फोड पुढे जवळजवळ संपून जाते आणि पाकच तिच्या आकाराने उरतो, एवढा भेद ध्यानात ठेवावा.

वेळेबद्दल प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. जपानमधील तातेयामा येथे सिलिकायुक्त गरम झऱ्याच्या पाण्यात ताज्या लाकडाचे तुकडे ठेवण्यात आले होते. सात वर्षांनंतर त्यांच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग सिलिकेचा झालेला आढळला. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोहगावची तळी अशाच गरम झऱ्यांची होती असा याचा अर्थ होत नाही. पाण्यात सिलिका मुबलक असेल तर सुरुवातीचे काम माणसाच्या आयुष्याच्या मापात होऊ शकते, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते.

त्या लाकडात साठलेली सिलिका होती ओपलच्या रूपात, म्हणजे स्फटिकरचना नसलेली आणि पाण्याचा अंश धरून ठेवणारी. मोहगावच्या गारेत आज जी सिलिका आहे ती प्रामुख्याने सूक्ष्मस्फटिकी क्वार्ट्झ आहे. ओपलचे पाणी निघून जाऊन, मधल्या अवस्थेतून त्याचे क्वार्ट्झ होण्यास गरम झऱ्यांच्या परिसरात हजारो वर्षे पुरतात, पण समुद्रतळाच्या थंड गाळात कोट्यवधी वर्षेही लागतात. धागाकर्त्यांनी सांगितलेला दुसरा काळ इतका लवचीक का, याचे उत्तर मुख्यतः तापमानात आणि पाण्यात आहे.

अवांतर : आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये सापडणारे अकीक आणि स्फटिक हे त्याच जातीच्या सिलिकायुक्त पाण्याचे काम आहे. पाण्याला मार्गात रिकामी पोकळी मिळाली की स्फटिक जमतात, लाकूड मिळाले की जीवाश्म.

तर्ककठोर

एक शंका आहे आणि ती खोडसाळपणाने विचारत नाही. लाकूड सात वर्षांत दगड होऊ लागते, तर मग मोहगावचे लाकूड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहे हे कशावरून? परदेशात काही मंडळी नेमका हाच प्रयोग पुढे करून पृथ्वी काही हजार वर्षांचीच असल्याचा दावा करतात, हे मी वाचलेले आहे. इंग्लंडमध्ये नेअर्सबरो येथे एक झरा आहे, त्याखाली टांगलेली खेळण्यातली अस्वले काही महिन्यांत दगडी होतात, तो दाखलाही दिला जातो.

काळाकातळ (धागाकर्ता)

शंका रास्त आहे. जीवाश्म घडण्याचा वेग आणि जीवाश्माचे वय या दोन स्वतंत्र मोजमापांची गल्लत त्या दाव्यात आहे. वीट भाजायला किती दिवस लागले यावरून वाडा कोणत्या शतकातला हे कुणी ठरवत नाही.

जीवाश्माचे वय त्याच्या ‘दगडपणा’वरून काढले जातच नाही. दख्खनच्या बाबतीत खालचा लाव्हा आणि वरचा लाव्हा यांचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजले जाते. लाव्हा थिजताना त्याच्या स्फटिकांत पोटॅशियम अडकते. त्याच्या एका समस्थानिकाचे ठराविक गतीने आर्गॉनमध्ये रूपांतर होते आणि तो वायू स्फटिकात कोंडून राहतो. त्यांच्या प्रमाणावरून लाव्हा कधी थिजला ते निघते. राखेतील झिरकॉनच्या स्फटिकांमध्ये युरेनियम आणि शिसे यांचे प्रमाण मोजूनही तोच पडताळा घेतात, आणि दोन्ही पद्धती दख्खनच्या मुख्य उद्रेकासाठी ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचेच उत्तर देतात. त्या दोन थरांमध्ये दबलेले फूल त्यांच्या मधल्या काळातले असणार, मग त्याच्यात सिलिका सात वर्षांत भरलेली असो की सत्तर हजार वर्षांत. कार्बन-१४ ची पद्धत इथे चालत नाही, कारण साधारण पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा कार्बन-१४ उरत नाही.

नेअर्सबरोच्या अस्वलांविषयी : तिथल्या पाण्यातील चुना आणि इतर खनिजे वस्तूवर बाहेरून पुटाप्रमाणे बसतात. आतले कापड कापडच राहते. अस्वल कापून पाहिले तर धाग्यांच्या आत खनिज शिरलेले दिसणार नाही. मोहगावच्या फुलात खनिज आत आहे, आणि म्हणूनच ०.०३ मिलिमीटरच्या कापात पेशी दिसतात.

गंडकीकाठ

वेगाचाच विषय निघाला आहे तर शाळिग्रामाची दखल घ्यायला हवी. आपल्या देवघरांतील पुष्कळसे शाळिग्राम नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून आलेले असतात. ते काळ्या चिखलदगडातील टणक गोटे आहेत आणि त्यांतील ‘चक्र’ म्हणजे अ‍ॅमोनाइट या सागरी प्राण्याचे नागमोडी कप्प्यांचे कवच. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी, जुरासिक काळात, हा चिखल साचला होता.

आजूबाजूचा चिखलदगड पत्र्यासारखा दबून चपटा झालेला असताना गोट्यातील कवच मात्र फुगीर का राहिले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ असा, की वरच्या गाळाचा भार वाढण्यापूर्वीच कवचाभोवतीचा गोटा टणक झालेला होता. मेलेल्या प्राण्याचे मांस कुजताना आसपासच्या चिखलातील पाण्याची रासायनिक स्थिती बदलते आणि त्याच्याभोवतीच खनिजे साकळू लागतात. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या हिदेकाझु योशिदा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दंतशिंपल्यांभोवतीच्या (सुळ्याच्या आकाराच्या सागरी शिंपल्यांभोवतीच्या) अशाच चुनखडी गोट्यांचा हिशेब मांडला, तेव्हा ते आठवडे ते महिने एवढ्याच अवधीत तयार झाले असावेत असे उत्तर आले. शाळिग्रामाची खनिजे थोडी निराळी आहेत, त्यामुळे तोच आकडा त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्राणी स्वतःच्या कुजण्यातून स्वतःचे संरक्षक कवच घडवून घेतो, ही बाब मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

सिरोंचावाले

वनस्पती आणि शंख यांच्यावर बरीच चर्चा झाली, हाडे मागे राहिली. आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, जुरासिक काळातील ‘कोटा’ नावाचे खडकथर उघडे पडलेले आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे अश्मीभूत झाडांच्या खोडांसाठी जीवाश्म उद्यान राखलेले आहे. याच खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ १९६० च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूला ‘बारापासॉरस’ या प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळाली. सुमारे तीनशे हाडे एकाच ठिकाणी होती, ती किमान सहा प्राण्यांची होती, आणि त्यांच्यासोबत मोठमोठी झाडांची खोडेही होती. पुराने झाडांसह प्राणी वाहून आणून एका जागी टाकले आणि गाळाने लगेच झाकले, असा त्यावरून अर्थ लावला गेला आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाची आठवण म्हणून या प्राण्याच्या नावात ‘टागोरेई’ जोडले आहे, आणि जोडलेला सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

माझा प्रश्न असा : अशा हाडात मूळ हाड किती आणि दगड किती? लाकडाप्रमाणे हाडाचीही पूर्ण अदलाबदल होते का?

रसायनी

सिरोंचावाले, हाडाची गोष्ट लाकडाहून वेगळी आहे, कारण हाड मुळातच अर्ध्याहून अधिक खनिज असते. कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक आणि कोलॅजन हे प्रथिन यांची ती वीण आहे. जमिनीत गेल्यावर कोलॅजन हळूहळू नाहीसे होते, त्याच्या जागा आणि रक्तवाहिन्यांच्या पोकळ्या चुना, सिलिका किंवा लोहाच्या खनिजांनी भरतात आणि हाड जड होते. मूळ फॉस्फेट मात्र पुष्कळदा तिथेच राहते. फक्त त्याचे स्फटिक मोठे होतात आणि भूजलातील फ्लोरिन त्यांत शिरते. म्हणून डायनोसॉरच्या हाडाचे काप पाहिले की त्यातील वाढीची वलये आणि पेशींची घरे आजही मोजता येतात.

हे फ्लोरिन सावकाश, वर्षानुवर्षे शिरत राहते, आणि त्याचा एक उपयोग इतिहासप्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये १९१२ मध्ये ‘पिल्टडाउन मानव’ म्हणून मिरवलेली कवटी आणि जबडा केनेथ ओक्ली यांनी फ्लोरिनसाठी तपासले. त्या मोजमापांतून सुरू झालेला संशय १९५३ मध्ये उघड लबाडीच्या शोधापर्यंत पोहोचला : कवटी माणसाची होती, जबडा वानराचा होता, आणि तो जुना दिसावा म्हणून रंगवलेला होता. मात्र फ्लोरिनवरून वर्षांचा आकडा काढता येत नाही, कारण प्रत्येक ठिकाणच्या पाण्यात त्याचे प्रमाण भिन्न असते. एकाच खड्ड्यातली दोन हाडे सारखाच काळ तिथे पडून होती का, एवढेच त्यावरून कळते.

मऊ ऊतींबद्दल सांगायचे तर डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा कीअर यांनी १९९३ मध्ये प्रयोगशाळेत कोळंबी कुजू दिली, तेव्हा काही आठवड्यांतच तिच्या स्नायूंच्या काही भागावर कॅल्शियम फॉस्फेट जमले. ते फॉस्फेट कोळंबीच्याच शरीरातून आलेले होते. प्राणवायूचा अभाव ही त्यासाठी मुख्य अट होती.

वरळीकर

प्राणवायूच्या अभावाचे उदाहरण मुंबईतच होते. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांखाली काळ्या, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या शेलचा (पापुद्र्यांच्या चिखलदगडाचा) पातळ थर होता आणि त्यात लहानशा बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन ‘राना पुसिला’ या नावाने केले. आज ते ‘इंडोबॅट्रॅकस’ या प्रजातीत गणले जातात. बेडकाचे हाड काडीसारखे बारीक असते आणि खळखळत्या पाण्यात त्याचे तुकडे लगेच विखुरतात. सांगाडे सांध्यांसह जागेवर राहिले यावरून तळे संथ असावे आणि तळाचा चिखल कोंदट असावा, असे अनुमान निघते. आता तो सारा भाग इमारतींखाली गेला आहे. जीवाश्म घडायला किती काळ लागतो हे आपण मोजत बसलो आहोत, पण तो नाहीसा व्हायला पायाचा एक खड्डा पुरतो, हेही नोंदवून ठेवतो.

दुर्गभटका

माहितीपूर्ण चर्चा. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरताना दगडाच्या फुटलेल्या पृष्ठभागावर नेच्याच्या पानांसारखी काळी नक्षी अनेकदा दिसते. बरोबरचे लोक तिला जीवाश्म म्हणून छायाचित्रांसह समाजमाध्यमांवर टाकतात. ती नक्षी वनस्पतीची असू शकते का?

काळाकातळ (धागाकर्ता)

दुर्गभटका, तुम्ही वर्णन करता ती नक्षी बहुधा डेंड्राइटची आहे. दगडाच्या भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे फांद्याफांद्यांनी पसरत जातात आणि हुबेहूब वनस्पतीचा भास होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. भिंगातून पाहिल्यास खऱ्या पानाला मध्यशीर, उपशिरा आणि ठरावीक कड असते. डेंड्राइटच्या फांद्या कुठेही, कशाही फुटतात, त्यांना शिरा नसतात, आणि त्या भेगेच्या कडेकडून आत वाढत आलेल्या दिसतात.

दुसरे कारण खडकाचेच आहे. किल्ल्यांचा कातळ म्हणजे हजार अंशांहून अधिक तापमानाला वाहिलेला लाव्हा. त्याच्या पोटात पान टिकण्याचा संभव नाही. क्वचित झाडाच्या खोडाभोवती लाव्हा थिजून पोकळ साचा राहतो, तेवढाच अपवाद. पानांचे खरे ठसे पाहायचे असतील तर विदर्भात कामठीच्या वालुकाश्माकडे वळावे लागेल. तिथे पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासची ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने मिळतात, आणि तीही हिस्लॉप यांनीच प्रथम मोठ्या संख्येने जमवली होती. त्या पानांत मध्यशीर आणि तिच्यापासून निघालेल्या शिरांचे जाळे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मोहगावप्रमाणे पेशी मात्र त्यांत दिसत नाहीत, कारण ती पाने गाळाखाली दबून चपटी झाली आणि सिलिका वेळेवर आत शिरली नाही.